बेला लुगोसीज डेड: ठेका बसला, आता एकोचं काम

बाउहाउस या इंग्लिश बँडचं 'बेला लुगोसीज डेड' हे पहिलंच सिंगल घरच्या घरी अखंड वाजवून रेकॉर्ड करायचं, तेही न तोडता, असं ठरवलंय. त्याची ही पुढची नोंद. ठेका आणि बेस हाताला बसलेत. सध्या सगळा वेळ एकोवर, म्हणजे आवाज घुमून परत परत येण्यावर, जातोय, आणि गाण्याचा जीव तिथेच आहे असं माझं ठाम मत झालंय.

ड्रमर केविन हॅस्किन्सचा ठेका बोसा नोव्हाच्या, म्हणजे हलक्याफुलक्या ब्राझिलियन तालाच्या, वळणाचा आहे. काठी स्नेअरच्या कातड्यावर आदळत नाही, रिमवर (ड्रमच्या कडेवर) टिचकी मारल्यासारखी पडते. पंकच्या धबडग्यानंतर इतका हलका हात ऐकणं हेच मुळात धाडसाचं होतं. त्यावर त्याचा भाऊ डेव्हिड जे पायऱ्या उतरत जाणारा बेस वाजवतो. सूर मोजकेच, पण प्रत्येकाला पुरता वेळ द्यावा लागतो. बोट जरा लवकर उचललं की गाणं घाईत असल्यासारखं वाटतं. म्हणून मी सध्या रोज फक्त बेस आणि मेट्रोनोम, एवढंच घेऊन बसते.

आता एको. हे सगळं डबमधून आलंय, म्हणजे रेगे गाणी उलगडून एकोत बुडवणाऱ्या जमैकन प्रकारातून. जमैकातल्या स्टुडिओंमध्ये मिक्सिंगचा डेस्कच वाद्यासारखा हाताळायचे, आणि सत्तरच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये रेगे आणि डब या पोरांच्या कानावर सतत पडत होतं. तंत्र असं: पूर्ण ड्रमवर एको लावायचा नाही. डेस्कवर सेंडचा फेडर (आवाज एकोकडे पाठवणारी सरकपट्टी) बंद ठेवायचा आणि निवडक टिचकीपुरता झटकन वर नेऊन परत खाली आणायचा. मग तेवढाच एक ठोका घुमत राहतो, बाकीचा ठेका कोरडा. फीडबॅकचा (एको किती वेळा परत यावा ते ठरवणारा) नॉब जास्त फिरवला तर आवाज विरायच्या ऐवजी वाढत जातो, आणि आवर्तनं चालू असताना ॲनालॉग डिलेचा (एको देणाऱ्या यंत्राचा) वेळ बदलला की सूर वरखाली घसरतो. गिटारवादक डॅनियल ॲशच्या खरवडलेल्या तारा अशा एकोत सोडल्या की काय होतं, ते ऐकाच. गिटार कॉर्ड धरून साथ करतच नाही.

हे सगळं त्यांनी २६ जानेवारी १९७९ रोजी वेलिंगबरोच्या बेक स्टुडिओत एका दमात वाजवलं. नॉर्थॅम्प्टनचे हे चौघे एकत्र येऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते! शब्द डेव्हिड जेचे. १९३१ च्या ड्रॅक्युलातला नट बेला लुगोसी १९५६ साली वारला आणि त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं, हा त्यामागचा धागा. पण गायक पीटर मर्फीचा आवाज यायला जवळपास तीन मिनिटं लागतात. भीती शब्दांच्या आधीच तयार झालेली असते, तीही रिकाम्या जागांतून.

साडेनऊ मिनिटांचं गाणं सिंगल म्हणून कोण काढणार? लंडनच्या वॉल्थमस्टोमधल्या रेकॉर्डच्या दुकानातून निघालेल्या स्मॉल वंडर या लेबलनं ऑगस्ट १९७९ मध्ये काढलं, बारा इंची तबकडीवर. तो आकार योग्यच होता. सात इंचात एवढी लांबी कोंबली असती तर खाचा जवळजवळ घ्याव्या लागल्या असत्या आणि जाड बेसचा बळी गेला असता.

बीबीसीचा रेडिओ निवेदक जॉन पीलनं ते रेडिओवर वाजवलं, इंडिपेंडंट चार्टवर ते दीर्घकाळ टिकलं, आणि १९८३ च्या 'द हंगर' सिनेमाच्या सुरुवातीला बँड स्वतःच ते सादर करताना दिसला. गॉथ, म्हणजे अंधाऱ्या, गूढ वळणाच्या रॉक संगीताची सुरुवात इथून मोजतात. मला ते पटतं, फक्त काळे कपडे आणि वटवाघळं यांच्यापेक्षा हा सुटसुटीतपणा पुढच्यांनी जास्त उचलायला हवा होता असं वाटतं. अनेकांनी खर्जातला आवाज घेतला आणि मधल्या मोकळ्या जागा भरून टाकल्या.

ज्यांना खोलात जायचंय त्यांनी २०१८ साली निघालेलं 'द बेला सेशन' मिळवा. त्या पहिल्या सेशनची पाचही गाणी त्यात आहेत, आणि बाकीची चार ऐकली की हे एक किती वेगळं निघालं ते लगेच कळतं.

पुढचं काम गिटारचं. कुणाकडे चालू अवस्थेतला टेप एको असेल तर रिमच्या नुसत्या टिचक्या त्यातून रेकॉर्ड करून पाठवा, माझ्या पेडलच्या आवाजाशी ताडून बघायच्या आहेत.