गोव्यात येऊन दगड का पाहायचे?

घरी पाहुणे आले की मी त्यांना समुद्रावर नेण्याऐवजी सांगे तालुक्यात नेतो, आणि कोणीतरी हमखास विचारते, "गोव्यात येऊन दगड काय पाहायचे?" परवा तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

रिवणच्या पुढे उसगाळीमळ येथे कुशावती नदीच्या काठी जांभ्याचा एक सपाट पट्टा आहे आणि त्यावर शंभराहून अधिक चित्रे कोरलेली आहेत. भर दुपारी तेथे गेलात तर खडबडीत तांबूस कातळाखेरीज फारसे काही दिसणार नाही. ऊन कलू लागले की मात्र रेषांमध्ये सावली भरते. आधी बैलाचे वशिंड उमटते, मग शिंगे, आणि थोड्या वेळाने शेजारचे चक्रव्यूहासारखे मोठे वर्तुळ. त्याला बोट न लावता नुसत्या नजरेने वाट शोधू लागलो की दर वेळी मी मध्येच कुठेतरी चुकतो. अभ्यासक येथे १९९३ साली पोहोचले, तेही गावकऱ्यांनी सांगितले म्हणून. ही चित्रे गुराख्यांनी काढली, असे गावकरी त्याआधीपासूनच मानत होते. म्हणून ती त्या वर्षी 'सापडली' असे कोणी लिहिले की मला खटकते. ती नेमकी किती जुनी आहेत, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही.

ही चित्रे समजून घ्यायची, तर आधी जांभा समजून घ्यावा लागतो. उष्ण हवेत आणि मुसळधार पावसात मूळ खडक लाखो वर्षे कुजत जातो, त्यातील सिलिका पाण्याबरोबर वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरते. जांभ्याचा तांबडा रंग त्या लोहाचा. खाणीतून नुकताच काढलेला चिरा साध्या हत्यारानेही तासता येतो, पण वारा-ऊन लागले की तो घट्ट होत जातो. आमची घरे याच चिऱ्यांची, हरवळे आणि खांडेपार येथील लेणीही याच दगडातली. शिवाय याच तांबड्या मातीतून वर आलेल्या रोयणीला, म्हणजे वारुळाला, आम्ही सांतेरी देवी म्हणून हात जोडतो.

जांभा सच्छिद्र असल्यामुळे नाजूक नक्षी मात्र त्यात टिकत नाही. कदंबकालीन तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिराच्या छतावरील कमळ पाहिले की ते घडवणाऱ्यांना वेगळा दगड का हवा होता, हे कळते. तो काळा दगड घाटापलीकडून आणला असावा, असे मानले जाते. आज मंदिराजवळूनच जो अनमोड घाट चढतो, त्यातील काही खडकांचे वय ३ अब्ज वर्षांहून अधिक आहे. एवढे जुने काही हाताखाली लागते, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

दिवाळीनंतर या. दुपारी चारच्या सुमारास उसगाळीमळला पोहोचू आणि चपला कातळाबाहेरच काढून ठेवू.