जॅक रसेल की पार्सन रसेल? आधी टेप काढा

‘जॅक रसेल, प्युअर ब्रीड, कागदपत्रांसहित’ अशी जाहिरात वाचून पुण्या-मुंबईत पिल्लू बघायला गेलात, तर समोर दोनपैकी कुठलंही कुत्रं येऊ शकतं. एक ठेंगणं आणि अंगाने लांबट, खांद्याशी १२ इंचांच्या आतलं. दुसरं उंच पायांचं, चौकोनी बांध्याचं, १४ इंचांपर्यंत जाणारं. पहिलं जॅक रसेल टेरियर, दुसरं पार्सन रसेल टेरियर. दोन्ही पांढरीशुभ्र, तोंडावर तपकिरी नाहीतर काळे ठिपके. विकणारा बहुतेक वेळा दोघांना एकच नाव देतो. म्हणून निवड मापावरून करावी, आणि माप पटलं की लगेच आईबापाच्या डोळ्यांच्या चाचणीचा कागद मागावा.

दोघांचा उगम एकाच माणसापाशी जातो. जॉन रसेल हा इंग्लंडमधल्या डेव्हनचा पाद्री, जन्म १७९५. ऑक्सफर्डला शिकत असताना १८१९ मध्ये त्याने एका गवळ्याकडून ट्रम्प नावाची पांढरी मादी घेतली. डोळ्यांवर आणि कानांवर तपकिरी डाग, शेपटीच्या मुळाशी नाण्याएवढा आणखी एक. रसेलला कोल्ह्याच्या शिकारीचं वेड. त्याला असं कुत्रं हवं होतं की जे घोड्यांबरोबर आणि हाउंडांबरोबर, म्हणजे माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्यांबरोबर पळेल, आणि कोल्हा बिळात शिरला की आत घुसून भुंकून त्याला बाहेर काढेल. पळायला लांब पाय, बिळात शिरायला अरुंद छाती. पार्सनचा सगळा बांधा या दोन गरजांतून आला आहे. पार्सन म्हणजेच पाद्री. आखूड पायांच्या शाखेला पक्कं रूप मिळालं ते ऑस्ट्रेलियात. ब्रिटनच्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, उंच कुत्र्याला १९९० मध्ये मान्यता दिली, ठेंगण्याला थेट २०१६ मध्ये.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी जरा जास्त सावध राहावं. तिथल्या अमेरिकन केनेल क्लबने उंच कुत्र्याचं नाव २००३ मध्ये ‘पार्सन रसेल’ केलं, आणि २०१२ पासून ठेंगण्याची नोंद नुसती ‘रसेल टेरियर’ म्हणून होते. काम करणाऱ्या कुत्र्यांचा वेगळा क्लब मात्र १० ते १५ इंचांच्या सगळ्यांना जॅक रसेलच म्हणतो. तेव्हा कागदावरचं नाव वाचताना तो कागद कोणाचा आहे हेही बघा.

आता माप. कुत्रं फरशीवर सरळ उभं करा, मान फार वर ताणू नका. मानेमागे दोन खांद्यांच्या मधे जो उंचवटा लागतो, तिथून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या. जॅक रसेलमध्ये ते २५ ते ३० सेंटीमीटर भरतं. पार्सनमध्ये नर ३६ आणि मादी ३३ च्या आसपास. मग त्याच उंचवट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ मोजा: पार्सनमध्ये ही लांबी उंचीएवढीच हवी. जॅक रसेल उंचीपेक्षा लांब दिसायला हवं, पण त्याच्या कोपरापासून जमिनीपर्यंतचा पाय छातीच्या खोलीइतका तरी असायलाच हवा. वजनाचा हिशोब सोपा आहे, दर ५ सेंटीमीटर उंचीमागे १ किलो. म्हणजे ३० सेंटीमीटरचं कुत्रं ६ किलोचं. आपल्याकडे ९-१० किलोची जॅक रसेल दिसतात, ती एकतर लठ्ठ असतात किंवा भलत्याच जातीचं रक्त त्यांच्यात आलेलं असतं. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले, पोट जमिनीला टेकायला आलेलं असं कुत्रं ‘गोंडस’ म्हणून जास्त पैशांत विकलं जातं. ते घेऊ नका. पुढे कोपरं आणि पाठीचा कणा त्रास देतात.

छाती मोजायची खास रीत आहे आणि ती दोन्ही जातींना लागू पडते. कुत्र्याच्या मागे उभे राहा. कोपरांच्या लगेच मागे दोन्ही हातांनी छातीला विळखा घाला, अंगठे पाठीवर आणि बोटं छातीच्या हाडाखाली. पुढचे पाय जमिनीवरून जरासे उचला आणि हलकेच दाबा. मध्यम हातांच्या माणसाची बोटं खाली एकमेकांना भिडली पाहिजेत, आणि फासळ्या दबून किंचित आत गेलेल्या जाणवल्या पाहिजेत. बिळात अंग आकसून पुढे सरकता यावं म्हणून ही लवचीकता. पिंपासारखी घट्ट छाती हाताला लागली तर चरबी आहे की हाडच रुंद आहे हे फासळ्या चाचपून ठरवा. आठ आठवड्यांच्या पिल्लावर यातलं काहीच कळत नाही, म्हणून मापं आईबापाची घ्यायची. ‘बाप इथे नाही’ म्हणाले तर निदान आई उभी करायला सांगा.

स्वभावात विकणारे सांगतात तेवढा फरक नाही. दोन्ही शिकारी, दोन्ही बोलकी, दोन्ही कुंडीतली माती उकरणार. फरक पायांचा आहे. पार्सन पळायला बनलं आहे. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास आणि मोकळं, कुंपण घातलेलं मैदान देता येत नसेल तर ते घेऊ नये. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी ठेंगणं सुचवेन, पण तेही तासभर चालायला न्यावंच लागतं. गॅलरीचा कठडा दोघांनाही पुरत नाही, जाळी लावा.

डोळ्यांचा आजार मात्र दोघांत समान आहे, आणि इथे हयगय चालत नाही. डोळ्यातलं भिंग ज्या तंतूंवर टांगलेलं असतं ते तुटतात आणि भिंग जागचं सरकतं. बहुधा ३ ते ८ वर्षांच्या वयात. ते पुढे आलं तर डोळ्यातला दाब एकदम वाढतो आणि एक-दोन दिवसांत दृष्टी जाऊ शकते. लाल डोळा, सतत पाणी, निळसर धूसर बुबुळ, उजेडात डोळा मिचकावणं यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. जंतुसंसर्ग समजून घरीच थेंब टाकत बसण्यात मोलाचा वेळ जातो. याला कारणीभूत असलेल्या एडीएएमटीएस१७ या जनुकातल्या बिघाडाची चाचणी गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर होते. आईबापांपैकी एक जरी निर्दोष असेल तर पिल्लाला दोन सदोष प्रती मिळू शकत नाहीत. दोघेही वाहक, म्हणजे एकच सदोष प्रत बाळगणारे, असतील तर प्रत्येक पिल्लाला चारात एक धोका. आईबापाचा कागद नसेल तर पिल्लाची चाचणी आपण करून घ्यावी, आणि मगच पैसे द्यावेत.

पांढऱ्या कुत्र्यांत बहिरेपणाही येतो. पिल्लाच्या मागून, त्याला हवेचा झोत लागणार नाही अशा अंतरावरून किल्ल्या वाजवा. एकाच कानाने बहिरं असलेलं पिल्लू मात्र असं सापडत नाही. त्यासाठी मेंदूची ध्वनिचाचणी लागते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. ही कुत्री उंदीर-घुशींच्या मागे जाणारच, आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतात. लेप्टोची लस दोन डोस आणि मग दर वर्षी, शक्यतो पाऊस लागण्याआधी. नुसती ‘सगळ्या लशी झाल्या’ यावर विसंबू नका, कार्डावर लेप्टोचं नाव शोधा. काही मिश्र लशींत ती नसते. ताप, उलट्या, पिवळे पडलेले हिरड्या-डोळे दिसले तर लघवी साफ करताना हातमोजे घाला, कारण हा आजार माणसालाही होतो. आणि सोसायटीने उंदरांचं औषध कुठे टाकलंय हे वॉचमनला विचारून ठेवा.

राहिले केस. गुळगुळीत केसांचं कुत्रं वर्षभर गळतं आणि त्याचे आखूड पांढरे केस सोफ्यात सुईसारखे रुततात. खरखरीत केसांचं कमी गळतं, पण वर्षातून दोन-तीनदा मेलेले केस हाताने उपटावे लागतात: अंगठा आणि तर्जनीत चार-पाच केस धरून, वाढीच्या दिशेने, अंग कोरडं असताना, बोटांना खडूची पूड लावून. पार्लरमध्ये मशीन फिरवली तर केस मऊ होतात, रंग फिका पडतो आणि पावसाचं पाणी कातडीपर्यंत जातं.