सिलिकोनचा थेंब नाही, तरी केस मेणचट: बटांच्या चाचणीत काय निघालं

मंडळी, या वेळी डोकं फिरायची पाळी आली होती. घरी केलेल्या शाम्पूची नवी बॅच: डेसिल ग्लुकोसाइड आणि कोको बिटेन हे सौम्य फेसक (फेस करून मळ काढणारे घटक), केस मऊ करायला कॅटायनिक, म्हणजे धन भाराचा, गवार, पीएच साडेपाचावर आणलेला, केस गुळगुळीत करणारं सिलिकोन औषधालाही नाही. आणि ऐन मे महिन्यात मानेजवळचे केस पुन्हा मेणचट, फणीच्या दातांत तोच पांढुरका थर. आधीच्या एसएलईएस (बाजारच्या शाम्पूतला नेहमीचा फेसक) आणि डायमेथिकोन (एक सिलिकोन) घातलेल्या बॅचला हाच थर धरला तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी सिलिकोनला आरोपी ठरवून फाइल बंद केली होती. आता आरोपी जागेवरच नाही आणि गुन्हा तसाच चालू आहे.

म्हणून तपासून बघायला केसांच्या बटा काढल्या. नणंदेने कापलेली लांब वेणी जपून ठेवलेली होतीच. "वहिनी, देतेय खरी, पण नुसती डब्यात ठेवू नकोस," असं बजावून तिने दिली होती. सारख्या जाडीच्या बटा बांधल्या, निम्म्या पार्लरमधून ब्लीच करून आणल्या.

आधी सिलिकोनचाच निकाल लावला. ब्लीच केलेल्या स्वच्छ बटेवर पाण्याचा थेंब ठेवला की तो पसरून आत जिरतो, कारण केसावरचा मूळचा स्निग्ध थर ब्लीचने गेलेला असतो. डायमेथिकोनच्या शाम्पूने धुऊन वाळवलेल्या बटेवर तोच थेंब गोल होऊन वर बसून राहिला, बट कलती केली तर घरंगळला. मग ती बट साध्या एसएलईएसने एकदा धुतली. थेंब पुन्हा जिरला! मी अक्षरशः टाळी वाजवली. पाण्यात न विरघळणारं डायमेथिकोन नेहमीच्या फेसाळ शाम्पूने बऱ्यापैकी निघतं, हे डोळ्यांदेखत पाहायला मिळालं. अ‍ॅमोडायमेथिकोन हे दुसरं सिलिकोन मात्र चिवट आहे. त्याच्या अमिनो गटांवर धन भार असतो आणि केसाच्या खराब झालेल्या जागा ऋण भाराच्या, त्यामुळे ते तिथेच जाऊन घट्ट बसतं. पण एकदा जागा भरल्या की आतला थर वरून येणाऱ्याला दूर ढकलतो. माझ्या बटेवरही सुरुवातीच्या धुण्यांनंतर आणि पुष्कळ धुण्यांनंतर स्पर्शात फरक जाणवला नाही. चिकटून राहणं वेगळं आणि थरावर थर चढत जाणं वेगळं, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. सायक्लोपेंटासिलॉक्सेन या आणखी एका सिलिकोनबद्दल काहींनी विचारलं होतं: ते उडूनच जातं. युरोपात २०२० पासून धुऊन टाकायच्या उत्पादनांत त्यावर ०.१ टक्क्याची मर्यादा आहे ती पर्यावरणासाठी, केसांवरच्या थराशी तिचा संबंध नाही.

आता मुख्य दुखणं. राहिले दोन संशयित: गवार आणि पाणी. कॅटायनिक गवार, किंवा तेच काम करणारं, बाजारच्या बाटलीवर दिसतं ते पॉलिक्वाटर्नियम-१०, फेसकाबरोबर बाटलीत गुण्यागोविंदाने राहतं. डोक्यावर पाणी ओतून शाम्पू पातळ झाला की दोघांची गुठळी होऊन ती केसावर उतरते. सिलिकोनचे थेंब केसावर पोचवण्याचं कामही तीच करते. म्हणजे सिलिकोन काढून टाकलं तरी वाहन तसंच बॅचमध्ये राहतं.

आणि पाणी म्हणाल तर आमच्या इंदूरचं तुम्हाला माहीतच आहे. नदीकाठच्या जलूदहून चढवून आणलेली नर्मदा नळाला एक दिवसाआड. उन्हाळ्यात टाकी भरते बोरिंगने. मत्स्यालयवाल्यांकडची कठीणता (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) तपासायची किट आणली (शाम्पूचं सामान विकणाऱ्यांच्या महागड्या किटपेक्षा मला हीच जास्त भरवशाची वाटते). पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. आमचं बोरिंग त्या ६०० च्याही पुढे गेलं.

मग चार बटा: नर्मदा आणि बोरिंग, गवारसह आणि गवारशिवाय. नर्मदा-गवारवाली बट मऊ, जराशी लेप दिल्यासारखी, पण एसएलईएसच्या एका धुण्यात मोकळी. बोरिंगमध्ये गवारशिवाय धुतलेली बट खरखरीत, वाळल्यावर रंग विटलेला, काळ्या कागदावर नख ओढलं की पांढरी भुकटी. दोन्ही एकत्र असलेली बट हुबेहूब माझ्या मानेजवळच्या केसांसारखी. ही बट एसएलईएसने कितीही घासली तरी सुटली नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम केसाच्या ऋण जागांना धरून बसतात, ब्लीच केलेल्या केसांत तर जास्तच, आणि फेसक ते ओढून काढत नाही. डायसोडियम ईडीटीए (कॅल्शियम, मॅग्नेशियमला पकडून पाण्यात ओढणारा क्षार) घातलेल्या कोमट पाण्यात बुडवून ठेवली तेव्हा कुठे केस एकेक सुटे झाले.

साहजिकच बॅचमध्ये ०.२ टक्के ईडीटीए घातलं. फरक पडला, पण अर्धवट, कारण शाम्पू दोन मिनिटं डोक्यावर असतो आणि त्यावर आपण बोरिंगच्या बादलीभर पाण्याने सगळं धुतो. तेवढ्या पाण्याला पुरेल इतकं ईडीटीए शाम्पूत मावणारच नाही.

पुढच्या वेळी गवार निम्मा करून बघायचा बेत होता, तो हे लिहितानाच मागे टाकते आहे. आधी केस धुतानाचा शेवटचा तांब्या बदलायचा, त्यात थोडं आम्ल घालून. सायट्रिक अ‍ॅसिड, इथल्या सियागंज बाजारात सुटं मिळतं ते लिंबाचं फूल. पण एकच चिमूट सगळ्या पाण्यांना चालत नाही: आरओच्या पाण्यात ती पीएच पार तीनच्या आसपास नेते, बोरिंगमध्ये बायकार्बोनेट तिला खाऊन टाकतं. बोरिंगच्या लिटरभर पाण्यात एक ग्रॅम घातल्यावर माझी पट्टी चार ते साडेचारवर आली. आम्लात केसावरचा ऋण भार कमी होतो, म्हणजे कॅल्शियमला धरायला जागाही कमी. या पाण्याने धुतलेल्या पहिल्या बटेवरची भुकटी बरीच घटली आहे. पूर्ण गेली असं म्हणणार नाही.

ऑनलाइन मागवलेल्या अ‍ॅमोडायमेथिकोन इमल्शनच्या बाटलीवर या वेळीही टक्केवारी नव्हती, विक्रेत्याकडून उत्तर नाही. अशा मालावर बॅच कशी करायची? मी तरी तिथून पुन्हा घेणार नाही.

आणि हो, ईडीटीएसारखंच काम करणारं सोडियम फायटेट कुणी वापरलं असेल तर किती टक्के आणि कुठल्या पीएचला ते जरूर लिहा. आणि ज्यांच्याकडे बोरिंग आहे त्यांनी सिलिकोन सोडण्याआधी पाणी तपासा, आकडा मला कळवा. पिकल्या केसांची एखादी वेणी मिळाली तर तीही हवी आहे.