एसीचा क्लच ओढत नाही? आधी गॅस भरू नका

आज कार्बोरेटरवाल्या जुन्या मारुती 800 चा एसी पाहिला. कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्याला जोडणारा भाग) ओढतच नव्हता. अशा वेळी लगेच गॅस भरणं चूकच! इंजिन बंद ठेवून गेज (दाबमापक) लावा. 30 अंश तापमानाला आर-134ए चा (एसीच्या नव्या गॅसचा) दाब साधारण 97 पीएसआय दिसायला हवा. फारच कमी असेल तर गळती आहे. जॉइंटपाशी तेलकट डाग शोधा, ओ-रिंग (जॉइंटमधल्या रबरी चकत्या) कडक होऊन तडकतात.

मूळ आर-12 ची (जुन्या एसी गॅसची) गाडी असेल तर जुनं मिनरल ऑइल नव्या गॅसबरोबर फिरत नाही, कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. ते काढून एस्टर ऑइल घाला, रिसीव्हर-ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) नवाच लावा. मग पंपाने आतली हवा ओढून 45 मिनिटं व्हॅक्यूम. गॅस वजन करूनच, आर-12 च्या सुमारे 80 टक्के.