बीपी वाढलंय की नाही, हे डोकं दुखण्यावरून ठरवू नका

डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे बीपी ठीक आहे असं समजून गोळी बंद करणारे घरोघरी सापडतील. वरचा आकडा १७० असतानाही बहुतेकांना काहीच जाणवत नाही. किडनी, डोळ्याचा पडदा आणि हृदय मात्र झिजत असतं. त्यामुळे मोजण्याला पर्याय नाही, आणि घोळ होतो तो मोजण्यातच.

आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री बंद. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. टीव्हीवरच्या बातम्याही नकोत. बीपी मशीनचा पट्टा उघड्या दंडावर बांधा आणि हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या उंचीला येईल. हात खाली लोंबकळला की आकडा वाढतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी वाढतो; अशांनी मोठा पट्टा वेगळा घ्यावा. सकाळी गोळीआधी आणि रात्री, मिनिटाभराच्या अंतराने दोन-दोनदा, असं सात दिवस लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. वरचा आकडा १३५ किंवा खालचा ८५ झाला, की वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

१८०/१२० दिसलं तर? छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यातलं काही असेल तर थेट हॉस्पिटल. काहीच नसेल तर शांत बसून पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. शेजाऱ्याची गोळी जिभेखाली ठेवू नका. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि तेही सगळं धरून. भाजी अळणी करून ताटात पापड, लोणचं, फरसाण वाढलं तर काय उपयोग? सैंधवही शेवटी मीठच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, किडनीच्या रुग्णांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेननेही बीपी चढतं. बीपीच्या गोळ्यांपैकी अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज, रामिप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो. दोन्हींना पर्याय आहेत, डॉक्टर गोळी बदलून देतात.