तुम्ही विचारलंत म्हणून: बहात्तर सालचं पुणं

'सत्तरच्या दशकातलं एकच वर्ष सांगायचं झालं तर कुठलं सांगाल?' हे मला फार जण विचारतात. सोसायटीतली कॉलेजची मुलं प्रोजेक्टसाठी विचारतात, भाचेमंडळी लग्नकार्यात पंगत आटोपली की विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे, १९७२. ते ऐकून समोरचा जरा हिरमुसतो. १९७१ म्हटलं असतं तर बांगलादेशचं युद्ध आलं असतं, वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये जिंकलेली मालिका आली असती. १९७५ म्हटलं असतं तर आणीबाणी. बहात्तरात एवढं काय झालं?

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण सगळं एकत्र सांगते. नाटकवाले 'घाशीराम'चं बहात्तर सांगतात, चळवळीतले दलित पँथरचं सांगतात, गावाकडचे दुष्काळाचं. प्रत्येकाचं खरं आहे, पण वेगवेगळं सांगितलं की त्यातला जीव जातो. मी त्या वर्षी अकरावी एस.एस.सी. होऊन प्री-डिग्रीला पुण्यात आले, नारायण पेठेत मावशीकडे राहिले. गाव पुरंदर तालुक्यातलं. सासवडहून एस.टी. दिवे घाट उतरून हडपसरला आली की पुणं लागायचं. घाटाच्या वर एक बहात्तर होतं आणि खाली दुसरं, आणि मी दोन्हींमध्ये ये-जा करत होते.

आधी वरचं सांगते. त्याच्या आधीची दोन वर्षंही पाऊस धड नव्हता. बहात्तरात मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. आमच्याकडची खरी भिस्त परतीच्या पावसावर, रब्बीच्या ज्वारीवर. हस्तही तसाच गेला आणि माझ्या वडिलांनी, अण्णांनी, पेरणीचं नाव काढणं सोडलं. दिवाळीपर्यंत बैल विकले. त्या वर्षी बैल विकणाऱ्याला कुणी नावं ठेवली नाहीत, कारण गोठ्यात मरू देण्यापेक्षा ते बरं होतं. विहिरीला थोडंफार पाणी होतं, पण कणगीत दाणा नव्हता. नंतरचे दुष्काळ पाण्याचे झाले, बहात्तरचा दुष्काळ अन्नाचा होता. तो पाहिलेला कुठलाही माणूस हेच सांगेल.

मग मिलो आला. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, रेशनच्या दुकानात मिळायची. तिची भाकरी थापताना कडेने चिरायची आणि गार झाली की दाताला लागायची. लहान मुलं रडायची. माझी आई म्हणायची, "रंगाचं काय घेऊन बसलाय, पोटाला आधार हाय का न्हाई?" आई आणि दादा दुष्काळी कामावर जात. आधी खडी फोडली, मग पाझर तलावावर माती वाहिली. घमेलं आईचं, फावडं दादाचं. मजुरी कामाच्या मापावर, दिवसाला दोन-तीन रुपयांच्या आसपास. हजेरीपटावर नाव असूनही पगार आठवडा-आठवडा लांबायचा, तेव्हा बायका मुकादमाभोवती उभ्या राहायच्या आणि हलायच्या नाहीत. पोरांना सुकडी मिळायची. राज्यभर ही कामं एवढी वाढली की मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं त्यांवर होती.

यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली एक कल्पना होती, की हाताला काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी आहे. दुष्काळाने ती कल्पना कागदावरून रानात आणली. पुढे १९७७ मध्ये राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाचा. माझी आई सही करायला शिकली नाही, पण कामाची मागणी कशी करायची हे तिला पक्कं माहीत होतं. मला त्या गोष्टीचा आजही अभिमान वाटतो.

आता घाट उतरून खाली येऊ. पुण्यात दुष्काळ दिसत होता, पण बऱ्याच घरांना तो बातमीसारखा दिसत होता. महागाईची ओरड होती, रॉकेलच्या रांगा होत्या. मावशीकडे गव्हाची पोळी चुकत नव्हती. मी गावाहून येताना एकदा मिलोची भाकरी फडक्यात बांधून आणली आणि काकांनी ती मुकाट्याने खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून ते ऑफिसातून दुष्काळ निधीच्या पावत्या घेऊन घरोघर जाऊ लागले. माणसं वाईट नव्हती. फक्त घाटापलीकडचं त्यांच्या ताटापर्यंत पोचत नव्हतं.

त्याच वर्षी पुण्याच्या डॉ. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम सुरू केली. नाना पेठेतला, हमालांमध्ये काम करणारा हा माणूस गावोगाव हिंडून एकच गोष्ट विचारत होता: गावच्या विहिरीवर दलितांना पाणी भरता येतं का? आमच्या गावातही पाणवठे दोन होते. मी सतरा वर्षं ते रोज पाहत होते आणि त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात, त्या वर्षी दलितांवर गावाने बहिष्कार टाकला होता. दुष्काळ सगळ्यांवर सारखा येतो असं म्हणतात, ते तेव्हाही खरं नव्हतं.

मग १५ ऑगस्ट आला. स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली म्हणून शहरात रोषणाई होती. त्याच दिवशी टपाल खात्याने पिनकोड सुरू केला. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी संस्कृतचे विद्वान आणि नाटककारही होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुण्याच्या वाट्याला ४११ ने सुरू होणारे आकडे आले, आणि काकांनी ते घरच्या सगळ्या पोस्टकार्डांवर आवर्जून लिहायला सुरुवात केली.

आणि त्याच तारखेचा 'साधना'चा विशेषांक निघाला. साने गुरुजींनी सुरू केलेलं हे साप्ताहिक, शनिवार पेठेतून निघणारं, आमच्या मावशीकडे नेमाने यायचं. अंक डॉ. अनिल अवचटांनी संपादित केला होता आणि त्यात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख होता. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला केवढी शिक्षा आणि परभणीकडच्या ब्राह्मणगावात झालेल्या दलित स्त्रीच्या विटंबनेला केवढी, हा हिशेब त्यांनी अशा भाषेत मांडला होता की वाचणाऱ्याला धड बसवेना. लेखिका दुर्गाबाई भागवतांनी तीव्र आक्षेप घेतला. पत्रं, लेख, सभा, काही विचारू नका. आमच्याकडे तर तो अंक दोन दिवस फळीवर उलटा ठेवलेला होता. शेवटी मावशीनेच तो सुलटा केला आणि काकांना म्हणाली, "भाषा सोडा हो. त्याने विचारलंय त्याचं उत्तर आहे का तुमच्याकडे?" काका गप्प बसले. मला वाटतं, त्या वर्षी पुण्यातल्या पुष्कळ घरांत असंच झालं असेल. ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार या तरुणांनी मुंबईत उभारलेली दलित पँथर ही लढाऊ संघटना त्याच वर्षातली, आणि ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रहही त्याच वर्षातला. तो संग्रह माझ्या हाती फार उशिरा आला. पण 'साधना'तला तो लेख मी तेव्हाच, जिन्यात बसून, पुन्हा पुन्हा वाचला होता. गावात दोन पाणवठे का, हे मी पुढच्या सुट्टीत अण्णांना विचारलं ते त्यामुळेच.

आता 'घाशीराम'. विजय तेंडुलकरांची दोन नाटकं त्या एका वर्षात रंगमंचावर आली. मार्चमध्ये मुंबईत 'सखाराम बाइंडर', त्याला नाटकांना परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाने अडवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्यातला सखाराम म्हणजे आमच्या पुण्याचे निळू फुले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेले आणि एके काळी लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले. आणि १६ डिसेंबरला पुण्यात, सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात, 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन म्हणजे पीडीए या संस्थेचं नाटक, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. नाना फडणवीस झाले होते मोहन आगाशे आणि घाशीराम रमेश टिळेकर.

तो पहिला प्रयोग मी पाहिलेला नाही, पण त्याची चर्चा दुसऱ्या दिवशी पेठेत घरोघर होती. पेशवाईतलं पुणं, तिथे कनौजहून आलेला एक परका ब्राह्मण, त्याचा अपमान, मग स्वतःची मुलगी नानाच्या हवाली करून त्याने मिळवलेली कोतवाली आणि शहराचा घेतलेला सूड. नानांची बदनामी झाली म्हणून संताप उसळला. थोड्याच प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवलं. तेव्हा नाटकातली मंडळी संस्थेतून बाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४ च्या जानेवारीत नाटक परत उभं केलं. १९८० मध्ये ते युरोपात जायचं ठरलं तेव्हाही विरोध झाला, आणि तरी ते गेलं.

मी पाहिलं ते चौऱ्याहत्तरात. सांगायची गोष्ट त्यातल्या रांगेची आहे. ब्राह्मणांची एक रांग प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहते, गाते, डोलते. तीच पडदा होते, तीच भिंत होते. मागे काय चाललंय ते हवं तेव्हा झाकते, हवं तेव्हा उघडते. कीर्तन, तमाशा, दशावतार, खेळे, आपल्या मातीतलं सगळं त्यात होतं आणि तरी असं काही आपण कधी पाहिलेलं नव्हतं. पाहताना मला सारखा घाट आठवत होता. मागे माणसं मातीची पाटी उचलत होती आणि पुढे रांग गात होती. म्हणूनच ते नाटक नाना फडणवीसांवर आहे असं मला कधीच वाटलं नाही. घाशीराम तयार कोण करतं आणि काम झालं की त्याला जमावाच्या हाती कोण देतं, ही त्याची गोष्ट आहे. पेशवाईचे कपडे घातले म्हणून ती जुनी होत नाही.

बाकीचंही खूप होतं. आकुर्डीत बजाजची 'चेतक' स्कूटर निघाली, आणि तिला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. 'पिंजरा' चित्रपट आला. त्यात मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू बी. जे. मेडिकलचे, पीडीएच्या उभारणीतले, म्हणजे तेही पुन्हा पुण्याचेच. राम कदमांच्या चाली तर दुष्काळी कामावरच्या बायकाही गुणगुणायच्या. २ ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन सुरू झालं. पुण्याला चित्र दिसायला लागलं ते पुढच्या वर्षी, सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे. त्यामुळे बहात्तरात आमच्याकडे संध्याकाळी रेडिओच होता.

एका माणसाबद्दल मात्र घाईने सांगून चालणार नाही. मुरलीकांत पेटकर. पासष्टच्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला आपला जवान, पुण्यात टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरीला. ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक मिळवलं, जागतिक विक्रमासह. वैयक्तिक सुवर्ण जिंकणारा पहिला भारतीय! त्याच महिन्याअखेर म्यूनिकचं ऑलिम्पिक सुरू झालं आणि हॉकीच्या कांस्यपदकाची हळहळ पुढे कित्येक दिवस चालली, पण पेटकरांचं नाव आमच्या पेठेत मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मला याचं फार वाईट वाटतं. मुलं प्रोजेक्टसाठी येतात तेव्हा मी त्यांना हे नाव वहीत लिहूनच घ्यायला लावते.

आणि 'त्या वर्षातून उरलं काय?' असंही विचारतात, तर आमच्या तालुक्याचंच सांगते. पुण्यातले उद्योजक विलासराव साळुंखे तो दुष्काळ पाहून कारखान्यातून उठले आणि पुरंदरमध्ये नायगावला माळरानावर जाऊन राहिले. पाणी अडवलं, झाडं लावली, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम असे: पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने मिळेल. माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा.

सुट्टीत गेले तेव्हा आईला हे वाचून दाखवलं. ती भाकरी थापता थापता थांबली. "ज्याला रान न्हाई त्यालाबी?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो, त्यालाही. तिने मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, मग शेजारच्या काकूंना हाक मारली आणि त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा. पाणी पंचायतीच्या योजना पुरंदरात ठिकठिकाणी झाल्या. साळुंखे शेवटपर्यंत सांगत राहिले की राज्यभर पाणी असंच वाटायला हवं. तसं ते आजही वाटलं जात नाही.