पट्टी कातडीवर, मग औषध जातं कुठे?

नौपाड्यात आमचं मेडिकल आहे. संध्याकाळी लोकलची गर्दी स्टेशनचा पूल उतरून पांगली की गुडघा, टाच, कंबर धरून माणसं काउंटरशी येतात, आणि दोन-तीन दिवसांआड हा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, दुखण्यावर लावायच्या पट्टीतलं औषध पोटात जातच नाही ना? मग त्याचा काही त्रास नाही, बरोबर?" मागे रांग असताना याचं धड उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सावकाश सांगते.

आधी गोळीचं बघू. आमच्याकडे सगळ्यांत जास्त मागितलं जाणारं दुखण्यावरचं औषध, डायक्लोफेनॅकच घ्या. गोळी आतड्यात विरघळते आणि तिथलं रक्त आधी यकृतात जातं. यकृत जवळजवळ निम्मं औषध तिथल्या तिथे मोडून टाकतं. उरलेलं अंगभर फिरतं. दुखऱ्या गुडघ्याला त्यातलं थोडं मिळतं, पण जठर, मूत्रपिंड, हृदय यांनाही ते पोचतंच.

पुष्कळांना वाटतं की गोळी पोटात टोचते म्हणून जळजळ होते, जेवून घेतली की झालं. ते अर्धंच खरं आहे. दुखणं आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात तयार होतात. ती बनणंच ही औषधं थांबवतात. १९७१ साली औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनबाबत हे दाखवून दिलं आणि १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं. पण त्याच कुळातली द्रव्यं जठराचं अस्तर राखतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. औषध रक्तातून तिथे पोचलं की ती राखण सुटते. म्हणून तर इंजेक्शन घेऊनही पोटात व्रण होऊ शकतो. प्रश्न औषध कुठून गेलं एवढाच नाही, रक्तात किती उतरलं हाही आहे.

आता पट्टी. कातडीचा सगळ्यांत वरचा थर मृत पेशींचा, कागदाहूनही कितीतरी पातळ, पण भलता चिवट. पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या फटींत चरबी. या फटींतून वाट काढायची तर रेणू लहान हवा आणि चरबीत थोडाफार विरघळणारा हवा. डायक्लोफेनॅक त्यात बसतं, पण जातं अगदी हळू. बारा-बारा तासांनी बदलायच्या पट्टीचं औषध रक्तात सर्वाधिक दिसायला १० ते २० तास लागतात, आणि तेव्हाही ते अगदी थोडं असतं. "सकाळी लावली, दुपारपर्यंत काहीच फरक नाही" म्हणून पट्टी उपटणाऱ्यांना मी हेच सांगते: दोन-चार दिवस द्या.

डायक्लोफेनॅकचंच चोळायचं जेल मिळतं, त्याचे आकडे माझ्या तोंडपाठ आहेत. एका गुडघ्याला ४ ग्रॅम, दिवसातून ४ वेळा लावलं, तर रक्तात गोळ्यांच्या मानाने सुमारे ६ टक्के औषध पोचतं. दोन्ही गुडघे आणि दोन्ही हात धरून दिवसाला ४८ ग्रॅम चोळलं, तर तेच २० टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे थोडं जातं, शून्य नाही, आणि जितकी जास्त कातडी तितकं जास्त.

गुडघा, घोटा, मनगट, बोटं यांना पट्टी किंवा जेल खरंच उपयोगी पडतं, कारण सांधा कातडीच्या जवळ असतो. खुब्याचा सांधा खोल असतो; तिथे मी आग्रह करत नाही. आणि ऑपरेशननंतर दंडावर किंवा छातीवर २४ तास लावतात तो पॅच वेगळा. तो औषध रक्तात पोचवण्यासाठीच बनवलेला असतो. घरातल्या कुणाचा उरलेला तसा पॅच गुडघ्याला लावू नका.

माझ्या सासूबाईंनी गेल्या पावसाळ्यात गुडघ्यावर पट्टी लावली आणि वर गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपल्या. सकाळी पट्टी काढली तर लालबुंद चौकोन, कडेला बारीक फोड. उष्णतेने कातडीतला रक्तप्रवाह वाढतो आणि औषध भराभर आत ओढलं जातं. घरात मी फार्मासिस्ट असून ही गोष्ट त्यांना आधी सांगितली नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं. आता प्रत्येक पट्टीबरोबर सांगते: शेक नको, वर घट्ट बँडेज नको, खरचटलेल्या किंवा पुरळ आलेल्या जागी तर नकोच.

आणि एक प्रश्न मीही विचारते: "बाकी काय चालू आहे?" बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि त्यावर दुखण्याच्या गोळ्या, असं तिन्ही एकत्र आलं की मूत्रपिंडावर ताण येतो. अशांना पट्टी बरी पडू शकते, पण डॉक्टरांना विचारूनच.

परवा एक काकू दोन पट्ट्या मागायला आल्या. "गोळ्यांनी पोट बिघडतं, म्हणून आता पट्टीच लावते," म्हणाल्या. मी तोच प्रश्न विचारला. त्यांनी पर्समधून रबर लावलेल्या स्ट्रिप्स काढून काउंटरवर मांडल्या: बीपीची, पित्ताची आणि तिसरी, कडेने कापल्यामुळे नाव अर्धंच उरलेली. मी ती उजेडात धरून वाचली. डायक्लोफेनॅक, ५० मिलिग्रॅम. "ही तर मी रात्री झोपताना घेतेच," त्या म्हणाल्या, "पट्टीबरोबर."